दोरी कोठे धरायची?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. घरांचे नकाशे काढणे आणि ते नकाशे जमिनीवर उतरताना पाहणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. तेव्हा चिटणीसांनी विषय विचारला, त्या वेळी जे रोज हाताखालून जाते तेच मी सांगितले : संगणकावर भिंत कशी काढावी आणि तिचे माप कोठून कोठपर्यंत घ्यावे. ते जरा थबकले. म्हणाले, "हा विषय पालकांना कळेल का?" मी म्हटले, "साहेब, घर पालकच बांधतात, पैसे तेच देतात आणि माप चुकले तर शेजाऱ्यांशी तोंडही तेच देतात. त्यांना कळणार नाही तर कोणाला?"

सुरुवात आपल्या गावापासूनच करू. कमंडलू नदीकाठच्या ह्या आपल्या रहिमतपुरात आदिलशाही काळातली मशीद आहे, आणि रणदुल्लाखानाची म्हणून सांगितली जाणारी कबरही आहे. आपण लहानपणापासून तेथून जातो-येतो. रणदुल्लाखान हा विजापूरच्या मुहंमद आदिलशहाचा सरदार. ह्या मुहंमद आदिलशहाने १६२७ ते १६५६ पर्यंत राज्य केले आणि त्याचीच कबर म्हणजे विजापूरचा जगप्रसिद्ध गोलघुमट. आपल्यापैकी पुष्कळांनी तो सहलीत पाहिला असेल. आता गंमत पाहा. गोलघुमटाचा व्यास किती, असे विचारले तर एक पुस्तक सांगते सुमारे ४४ मीटर, आणि दुसरे सांगते सुमारे ३८ मीटर. सहा मीटरचा फरक! विद्यार्थी गोंधळतो. त्याला वाटते, एक पुस्तक खोटे असले पाहिजे. परंतु दोन्ही पुस्तके खरी आहेत. एकाने घुमटाचे माप बाहेरून दिले आहे, दुसऱ्याने आतून. घुमटाचे बांधकामच बुडाशी सुमारे तीन मीटर जाड, ते दोन्ही बाजूंना मिळून सहा मीटर होते. खालच्या इमारतीचेही तसेच. बाहेरून एक बाजू सुमारे साडेसत्तेचाळीस मीटर, आणि आत उभे राहून मोजली तर सुमारे एक्केचाळीस.

तात्पर्य, नुसता आकडा म्हणजे माप नव्हे. आकडा आणि तो कोणत्या पृष्ठभागापासून कोणत्या पृष्ठभागापर्यंतचा आहे ती खूण, ह्या दोन गोष्टी मिळून माप होते. आज मला एवढीच एक गोष्ट सांगायची आहे. पुढे जे बोलेन ते तिचाच विस्तार समजावा.

आपणांस वाटेल, तीन मीटर जाडीच्या भिंतीत हे चालायचेच. आपल्या नऊ इंची भिंतीत काय फरक पडतो? तर वानगीदाखल एक साधे गणित घेऊ. समजा, तुम्ही गवंड्याला सांगितले की मला एका ओळीत दहा-दहा फुटांच्या तीन खोल्या पाहिजेत. भिंती नऊ इंची. तर बांधकामाची एकंदर लांबी किती होईल? ज्याने दहा फूट म्हणजे आतून आत असे समजले, त्याच्या हिशेबाने तीस फूट आणि चार भिंतींचे तीन फूट, म्हणजे तेहतीस फूट. ज्याने भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत दहा फूट धरले, त्याचे बांधकाम तीस फूट नऊ इंचांत संपेल आणि प्रत्येक खोली आतून सव्वानऊ फुटांची होईल. आणि ज्याने एकंदर तीस फूट बाहेरून बाहेर धरून त्याचे तीन भाग केले, त्याची खोली आतून फक्त नऊ फूट भरेल. शब्द तेच, "दहाच्या तीन खोल्या", पण घरे तीन निराळी झाली. पहिल्या आणि तिसऱ्या घरात तीन फुटांचा फरक आहे. तीन फूट म्हणजे एक जिना, किंवा एक न्हाणी.

क्षेत्रफळात तर हा फरक आणखी फुगतो. मध्यापासून मध्यापर्यंत दहा बाय दहाची खोली कागदावर १०० चौरस फूट. तीच आतून मोजली तर साडेपंच्याऐंशी आणि बाहेरून मोजली तर साडेएकशेपंधरा. खोली एकच!

आता संगणकाकडे वळू. पूर्वी नकाशा टेबलावर टी-स्क्वेअर आणि शाईच्या पेनने काढीत. भिंत म्हणजे दोन समांतर रेघा. डिसेंबर १९८२ मध्ये ऑटोकॅड आले, तरी सुरुवातीला त्यातही भिंत म्हणजे दोन रेघाच होत्या. फरक इतकाच की रेघा पडद्यावर आल्या. पुढे आर्किकॅड, रेव्हिट, फ्रीकॅड अशी जी सॉफ्टवेअरे आली त्यांत भिंत ही खरीखुरी भिंत म्हणून काढता येते. तिला लांबी असते, उंची असते, जाडी असते. मध्ये विटेचा गाभा आणि दोन्ही अंगांना गिलावा असे थरही असतात. आपण दोन ठिकाणी टिचकी मारली की भिंत उभी राहते.

पण येथेच खरा प्रश्न उभा राहतो. टिचकी हा एक बिंदू आहे. दोन बिंदूंमधून एक रेघ जाते, आणि रेघेला जाडी नसते. भिंतीला मात्र आहे. मग ही जाडी त्या रेघेच्या कोणत्या अंगाला पडणार? दोन्हीकडे सारखी, की सगळी आत, की सगळी बाहेर? सॉफ्टवेअर हे आपल्याला निवडायला सांगते. ह्या रेघेला आपण भिंतीची संदर्भरेषा म्हणू. रेव्हिटमध्ये तिच्या सहा जागा आहेत : सबंध भिंतीचा मध्य, गाभ्याचा मध्य, बाहेरच्या गिलाव्याचा पृष्ठभाग, आतल्या गिलाव्याचा पृष्ठभाग, गाभ्याची बाहेरची बाजू आणि गाभ्याची आतली बाजू. आर्किकॅडमध्येही अशाच निवडी आहेत. फ्रीकॅडमध्ये डावी, उजवी आणि मध्य अशा तीन. जुन्या ऑटोकॅडमधल्या जोडरेघेच्या आज्ञेतसुद्धा वर, शून्य आणि खाली अशा तीन निवडी आहेत. नावे निराळी असली तरी प्रश्न एकच आहे.

एवढ्या निवडी कशाला, असे कोणी म्हणेल. सांगतो. विटेची भिंत २३० मिलिमीटर, बाहेरचा गिलावा २० आणि आतला १२ धरला तर पुरी भिंत २६२ मिलिमीटर होते, म्हणजे नऊ इंचांची सव्वादहा इंच. आणि दोन्ही गिलावे सारखे जाड नसल्यामुळे सबंध भिंतीचा मध्य आणि विटेचा मध्य ह्यांतही चार मिलिमीटरचा फरक पडतो. चार मिलिमीटर सोडून देता येतील. पण विटेचा मध्य आणि गिलाव्याची बाहेरची बाजू ह्यांतला १३५ मिलिमीटरचा, म्हणजे सव्वापाच इंचांचा फरक कोणी सोडणार नाही.

संदर्भरेषेचा दुसरा परिणाम उशिरा दिसतो. नकाशा झाल्यावर घरमालक म्हणतो, ही भिंत अर्ध्या विटेची नको, एका विटेची करा. आपण जाडी ११५ ची २३० करतो. संदर्भ मध्यावर असेल तर भिंत दोन्हीकडे साडेसत्तावन्न मिलिमीटरने फुगते. संदर्भ बाहेरच्या पृष्ठभागावर असेल तर बाहेरची बाजू हलत नाही आणि सगळी वाढ आत येते. एका आकड्याच्या बदलाने कोणत्या खोलीची जागा जाणार, हे अशा रीतीने पहिल्या टिचकीच्या वेळीच ठरून गेलेले असते. आणि डाव्या-उजव्या बाजूचा विचार करताना आणखी एक ध्यानात ठेवावे. डावी बाजू कोणती हे आपण भिंत कोणत्या दिशेने काढत नेली त्यावर ठरते. घराला घड्याळाच्या काट्याप्रमाणे फेरी मारली तर जी बाजू बाहेर पडते, तीच उलटी फेरी मारली तर आत पडते. विद्यार्थ्यांनी म्हणून एकच दिशा कायमची ठरवून घ्यावी.

इतके झाले संदर्भरेषेचे. आता मापरेषा. ही निवड अगदी स्वतंत्र आहे आणि येथेच भले भले चुकतात. भिंत काढली बाहेरच्या पृष्ठभागावरून; पण माप दाखवताना सॉफ्टवेअर भिंतीच्या मध्याला चिकटू शकते, पृष्ठभागाला चिकटू शकते, किंवा गाभ्याला. ते कोणाला चिकटले हे कागदावर बारीक तिरप्या रेघेच्या जागेवरून ओळखायचे असते, आणि लहान प्रमाणाच्या नकाशात ती रेघ भिंतीच्या मध्यावर आहे की कडेवर, हे डोळ्यांना दिसतही नाही.

मी हे एवढे ठासून सांगतो, कारण ह्यात मी स्वतः पोळलो आहे. ती हकिकत सांगतो.

माझा डिप्लोमा होऊन वर्ष झाले होते. संगणकावर नकाशा काढता येतो ह्याचा मला मोठा अभिमान होता. त्याच सुमारास माझ्या मामूंनी घर बांधायला काढले. जागा जुन्या वस्तीतली, वीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब. एका अंगाला बोळ आणि दुसऱ्या अंगाला शेजारच्या अण्णांचे परडे. मामूंनी बाहेरचा माणूस न बघता नकाशा मला सांगितला. मी जागेची हद्द आखली आणि हद्दीच्या चार कोपऱ्यांवर टिचक्या मारून भिंती उभ्या केल्या. संदर्भरेषा कोठे आहे हे मी पाहिलेच नाही. सॉफ्टवेअरने आपणहून मध्य धरला होता. म्हणजे चारी भिंती अर्ध्या हद्दीच्या आत आणि अर्ध्या बाहेर!

तुम्ही म्हणाल, मापे टाकताना चूक कळायला पाहिजे होती. ती कळली नाही, आणि का कळली नाही तेच ह्या हकिकतीतले मर्म आहे. मी माप टाकले, तेही भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंतच पडले. आकडा आला बरोबर वीस फूट शून्य इंच. जागा वीस फूट, माप वीस फूट. मी खूश! चूक ज्याने केली, साक्षही त्याचीच घेतली. मग साक्ष जुळणार नाही तर काय होईल?

आखणीच्या दिवशी आमचे जुने गवंडी आले. त्यांना सगळे गाव नाना म्हणते. शाळेची पायरी फारशी चढलेले नव्हते. पण ओळंबा आणि गुण्या त्यांच्या बोटांत मुरलेला. फक्की टाकायच्या आधी त्यांनी दोरी हातात धरली आणि मला विचारले, "भाऊ, ही दोरी भिंतीच्या मधी धरायची का भायेरच्या अंगाला?" मी नकाशा पाहिला आणि ऐटीत सांगितले, "नाना, नकाशात मध्ये आहे, मध्येच धरा." त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि दोरी मध्ये धरली. शिकलेल्या पोराचा शब्द त्यांनी मोडला नाही.

पाया खणला, दगड पडले, जोते फूटभर वर आले. आणि एका सकाळी अण्णा परड्यातून आले. हातात काठी, पण आवाज अगदी शांत. काठीचे टोक दगडावर टेकून म्हणाले, "पोरा, तुझ्या आज्यानं कवा माझ्या हद्दीवर पाय दिला न्हवता." मी टेप लावला. साडेचार इंच. चाळीस फूट लांबीवर साडेचार इंच म्हणजे पंधरा चौरस फूट जागा. पाया तर भिंतीहून रुंद असतो, तेव्हा जमिनीखाली त्याहूनही जास्त. बोळाकडच्या अंगालाही तेच झाले होते.

मामू मला एक शब्दही बोलले नाहीत. अण्णांचा हात धरून त्यांना ओट्यावर बसवले, चहा मागवला आणि नानांना सांगितले, "दोन्ही बाजूंचे दगड काढा." आठ दिवसांची मजुरी मातीत गेली. हद्द सांभाळून भिंती आत घेतल्या तेव्हा आतली रुंदी एकोणीस फूट तीन इंचांवरून साडेअठरा फुटांवर आली. गिलावा धरता त्याहूनही थोडी कमी. ते नऊ इंच मी निजायच्या खोलीतून काढले. त्या खोलीत मामींचे लोखंडी कपाट आहे. त्याचे एक दार आजही पलंगाला अडते आणि अर्धेच उघडते. मी ईदला जातो तेव्हा ते दार मला दिसते.

दोन घरांची तीन पिढ्यांची सलोख्याची ये-जा त्या दिवशी तुटली असती. ती तुटली नाही, ह्याचे श्रेय अण्णांच्या समजूतदारपणाला आणि मामूंच्या प्रामाणिकपणाला. माझ्या डिप्लोम्याला नव्हे. आणि नानांनी जो प्रश्न विचारला होता, नेमका तोच प्रश्न सॉफ्टवेअरही मला विचारत होते. पडद्याच्या एका कोपऱ्यात, लहान अक्षरांत. नानांचा मी ऐकला नाही, सॉफ्टवेअरचा वाचला नाही.

मग योग्य रीत कोणती? माझ्या अनुभवाने असे सांगतो की आधी विचारावे, ह्या भिंतीची कोणती बाजू हलता कामा नये? जी बाजू हलवायची नाही, तिच्यावर संदर्भरेषा ठेवावी. हद्दीवरच्या भिंतीत बाहेरच्या गिलाव्याचा पृष्ठभाग पक्का धरावा. कारण उद्या गिलावाही शेजाऱ्याच्या हद्दीत जाता कामा नये. दोन खोल्यांमधल्या पडभिंतीला मध्य चालतो. जेथे भिंतीवर भिंत चढायची आहे तेथे विटेचा गाभा धरावा, म्हणजे गिलावा बदलला तरी वीट विटेवर बसेल.

आणि मशिदीत? तेथे किब्ल्याकडच्या भिंतीची आतली बाजू पक्की. कारण सफा तिच्यापासून मोजल्या जातात. एका सफेला चार फूट धरले तर दहा सफांना आतून चाळीस फूट खोली लागते. कोणी ती चाळीस फूट मध्यापासून मध्यापर्यंत काढली, तर नऊ इंची भिंतीत आतून एकोणचाळीस फूट तीन इंचच मिळतील. नऊ सफा बसतील आणि दहाव्या सफेतल्या माणसाला सजद्याला जागा अपुरी पडेल. आपल्या पूर्वजांना ह्या गोष्टीचे मोल ठाऊक होते. अल्-बिरूनीने १०२५ साली जागांचे अक्षांश-रेखांश काढण्याच्या शास्त्रावर एक सबंध ग्रंथ पुरा केला; गझनीहून किब्ल्याची दिशा अचूक काढणे हा त्याचा एक हेतू होता. दिशा काढायच्या आधी आपण स्वतः कोठे उभे आहोत ते निश्चित करा, हा त्यातला विचार. मापाचेही तसेच आहे.

मापरेषेच्या बाबतीत रीत अशी की माप कोणासाठी लिहितो ते पाहावे. गवंड्याला वीट ते वीट माप पाहिजे, कारण तो काम करतो तेव्हा गिलावा झालेलाच नसतो. खांबांचे काम करणाऱ्याला खांबांच्या मध्यरेषा पाहिजेत. फरशीवाल्याला, सुताराला आणि ओटा घालणाऱ्याला गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंतचे माप पाहिजे. नगरपरिषदेत दाखल करायच्या नकाशात हद्दीपासून बाहेरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर महत्त्वाचे. एकाच कागदावर हे सगळे एकमेकांत मिसळले की गोंधळ झालाच म्हणून समजा. राष्ट्रीय इमारत संहितेत राहण्याच्या एकुलत्या खोलीची किमान रुंदी २.४ मीटर सांगितली आहे. नकाशात २.४० असा आकडा आहे, पण तो मध्यापासून मध्यापर्यंतचा असेल तर खोली आतून २.१७ मीटरच होते. आकडा नियमात बसला. खोली बसली नाही.

विद्यार्थ्यांनो, ह्यावर उपाय महाग नाही. नकाशाच्या कोपऱ्यात एक ओळ लिहा : "सर्व मापे वीट ते वीट, गिलाव्याशिवाय," किंवा जे असेल ते. ही एक ओळ पुष्कळ भांडणे वाचवते. दुसरे, प्रत्येक नकाशा दोन निरनिराळ्या मार्गांनी तपासा. खोल्यांची आतली मापे आणि भिंतींच्या जाड्या मिळवा आणि ती बेरीज बाहेरच्या एकंदर मापाशी जुळते का ते पाहा. माझ्या मामूंच्या नकाशात मी एवढे केले असते तर आतले एकोणीस फूट तीन इंच आणि दोन भिंतींचे दीड फूट मिळून वीस फूट नऊ इंच आले असते, आणि वीस फुटांच्या जागेत वीस फूट नऊ इंच कसे मावतील, हे चौथीतल्या मुलालाही कळले असते.

तिसरे, हाताने हिशेब करायची सवय सोडू नका. अंदाजपत्रक शिकताना तुम्हाला लांब भिंत-आखूड भिंत आणि मध्यरेषा अशा दोन पद्धती शिकवतात. पुष्कळ मुले विचारतात, संगणक असताना हे कशाला? आतून दहा बाय दहाची एक खोली घ्या, भिंत नऊ इंची. पहिल्या पद्धतीने दोन भिंती साडेअकरा फुटांच्या आणि दोन दहा फुटांच्या, एकंदर त्रेचाळीस फूट. दुसऱ्या पद्धतीने मध्यरेषेची एक बाजू पावणेअकरा, चार बाजू मिळून त्रेचाळीस. दोन वाटांनी एकाच ठिकाणी आलो. पण ज्याने चारही भिंती बाहेरून मोजल्या त्याचे सेहेचाळीस होतात, कारण कोपरे दोनदा मोजले गेले. आणि ज्याने चारही आतून मोजल्या त्याचे चाळीस, कारण कोपरे सुटले. ज्याला हे त्रेचाळीस कागदावर काढता येतात, त्याला संगणक फसवू शकत नाही. ज्याला येत नाहीत, तो संगणकाच्या भरवशावर विटा मागवतो आणि त्या उरतात किंवा कमी पडतात.

आता पालकांसाठी दोन शब्द. घराचा नकाशा तुमच्या हातात आला की तीन प्रश्न विचारा आणि विचारताना संकोच करू नका. हा आकडा आतला आहे, बाहेरचा की मधला? त्यात गिलावा धरला आहे का? आणि हद्दीच्या रेघेवर भिंतीची कोणती बाजू येते? ज्याला काम येते तो आनंदाने सांगेल. जो चिडेल त्याच्याकडून नकाशा पुन्हा तपासून घ्या.

पुण्या-मुंबईत सदनिका घेतानाही हाच प्रश्न येतो. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ प्रमाणे चटई क्षेत्राची व्याख्या कायद्यानेच ठरवली आहे. बाहेरच्या भिंतींनी व्यापलेली जागा त्यात धरत नाहीत. बाल्कनी आणि स्वतंत्र उघडी गच्चीही धरत नाहीत. परंतु सदनिकेच्या आतल्या पडभिंतींखालची जागा धरतात. तेव्हा खोल्यांची मापे घेऊन बेरीज केली आणि ती करारातल्या आकड्यापेक्षा कमी भरली, तर लगेच फसवणूक झाली म्हणू नका. आधी पडभिंती मिळवून पाहा. त्या मिळवूनही कमी भरली, तर मात्र जरूर विचारा.

तिसरी गोष्ट घरातल्या वाटणीची. दोन भाऊ घर वाटून घेतात, मध्ये भिंत राहते आणि कागदावर लिहितात, "दहा फूट याचे, दहा फूट त्याचे." भिंत कोणाची, हे कोणी लिहीत नाही. भाऊ हयात असतात तोवर अडत नाही. मुलांच्या काळात अडते. म्हणून वाटणीपत्रात एक वाक्य अधिक लिहावे की मापे भिंतीच्या मध्यापर्यंतची आहेत, की भिंत पूर्ण अमक्याच्या वाट्यात आहे. एका वाक्याने दोन घरांतली सलाम-दुवा टिकते.

शेवटी शिक्षणाविषयी. आपल्या समाजातली पुष्कळ मुले बांधकामाच्या धंद्यात आहेत. कोणी गवंडी, कोणी फरशीवाले, कोणी रंगारी, कोणी आखाती देशांत कामाला. हात कुशल आहेत. आता त्या हातांना नकाशा वाचण्याची आणि काढण्याची जोड द्या. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत स्थापत्य आरेखकाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. कराडला १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, सांगलीला १९४७ पासून वालचंद आहे. दोन्ही आपल्याला काही परदेश नाहीत. आणि ज्याच्याकडे आज फीचे पैसे नाहीत त्याने फ्रीकॅड घ्यावे. ते फुकट आहे आणि त्यात भिंतीची डावी, उजवी, मधली बाजू कशी बदलते हे घरबसल्या पाहता येते. मुलींनी तर ह्या कामात अवश्य यावे. नकाशाचे काम बैठे आहे, डोळस आहे, आणि घरात कोठे काय अडते हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्याला जितके कळते तितके इतरांना कळत नाही. आमच्या मामींना नकाशा वाचता आला असता तर त्या कपाटाचे दार आज पूर्ण उघडले असते.

आपल्या मराठीत "मापात पाप" असा शब्दप्रयोग आहे. कुरआन शरीफमध्ये तर माप-वजनात कमी देणाऱ्यांच्या नावानेच एक सूरत आहे, अल्-मुतफ्फिफीन, त्र्याऐंशीवी. आपण हे दुकानदाराच्या तराजूपुरते समजतो. पण शेजाऱ्याच्या परड्यात साडेचार इंच भिंत सरकते तेव्हाही माप मारलेलेच असते. मग ते लबाडीने असो की माझ्यासारखे अज्ञानाने. लबाडीला औषध नीतीचे आहे. अज्ञानाला औषध शिक्षणाचे, आणि ते देण्यासाठीच तर ही संस्था उभी आहे.

म्हणून मुलांनो, उद्या तुम्ही पडद्यावर पहिली टिचकी मारण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि नानांचा प्रश्न स्वतःला विचारा : दोरी भिंतीच्या मधी, का भायेरच्या अंगाला? त्याचे उत्तर ठरल्यावर मग खुशाल भिंत काढा.